आम्ही घरात नसतो तेव्हा

अमेरिकेतल्या घरांत भांडायला जागा भरपूर असते, पण रोजची भांडणं होतात ती ६८ आणि ७२ या दोन आकड्यांमधल्या चिंचोळ्या बोळात. पैसा, सासर, मुलांचा अभ्यास हे विषय तिकडेही आहेत. ते शनिवार-रविवारसाठी राखून ठेवलेले असतात. रोजचा विषय तापमान. हॉलच्या भिंतीवर थर्मोस्टॅट नावाचं यंत्र असतं, त्यावर फॅरनहाइटमधला एक आकडा असतो, आणि त्या आकड्याला कोण हात लावून गेलं याची चौकशी घरात बारमाही चालू असते. तळघरातली भट्टी पेटायची की विझायची हे तो आकडा ठरवतो. भट्टीतली गरम हवा पत्र्याच्या बोगद्यांतून सगळ्या खोल्यांत जाते आणि जमिनीतल्या जाळ्यांतून वर येते. म्हणजे एकाला उकडलं की सगळ्यांना उकडतं, आणि एकाने काटकसर केली की सगळं घर कुडकुडतं. अमेरिकेत एकत्र कुटुंबपद्धती नाही असं म्हणणाऱ्यांनी हे यंत्र पाहिलेलं नसावं.

६८ म्हणजे आपले २० अंश. पुण्यात घराच्या आत २० अंश झाले, तर आमच्या वयाचा माणूस कानटोपी घालून, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून बसतो आणि कुणी काही विचारलं तर मानेनेच उत्तर देतो. न्यू जर्सीत मात्र आमचा मुलगा त्याच ६८ अंशांत अर्ध्या चड्डीत हिंडत असतो, आणि सूनबाई खिडकी किलकिली करू का म्हणून विचारते.

या ६८ ला राजाश्रय आहे. अरब देशांनी तेल रोखलं तेव्हा, नोव्हेंबर १९७३ मध्ये, राष्ट्राध्यक्ष निक्सन टीव्हीवर आले आणि म्हणाले की घरातलं तापमान निदान ६ अंशांनी उतरवा, देशाची दिवसाची सरासरी ६८ वर आणू या. निक्सनना पुढच्याच वर्षी खुर्ची सोडावी लागली. ६८ अजून पदावर आहे. मग फेब्रुवारी १९७७ मध्ये जिमी कार्टर स्वेटर घालून शेकोटीजवळ बसले आणि दिवसा ६५, रात्री ५५ ठेवा असं देशाला सांगून गेले. ५५ म्हणजे जेमतेम १३ अंश. असलंच भाषण माझे वडील रोज संध्याकाळी करायचे. त्यांचा विषय पंखा आणि दिवे हा असायचा, आणि अंगात स्वेटरऐवजी गंजीफ्रॉक. वडिलांच्या भाषणाचा परिणाम ते खोलीत असेपर्यंत टिकायचा. कार्टरसाहेबांची अडचण अशी की ते खोलीत नव्हतेच.

पण एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ज्याच्या हाताशी अणुबाँबचं बटण, त्या माणसालाही त्या काळी विनंतीच करावी लागत होती. भिंतीवरची चकती फिरवायची की नाही, हे त्या चार भिंतींत बसलेला माणूस ठरवत होता.

ती चकती मी पाहिली आहे. मुलाच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात, त्यांच्याकडे ती अजून आहे. हनीवेल कंपनीचा गोल थर्मोस्टॅट, १९५३ साली बाजारात आलेला, घडण हेन्री ड्रेफस यांची. आत दोन धातूंची एकमेकांना चिकटवलेली पट्टी, वेटोळं करून बसवलेली. दोन्ही धातू तापल्यावर सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे वेटोळं हलतं, त्यावरची काचेची कुपी कलते, कुपीतला पारा घरंगळतो आणि विजेची जोडणी जुळते किंवा तुटते. संपलं. घरात माणसं किती, ती केव्हा निजतात, त्यांचे फोन कुठे आहेत, यातलं काही त्या यंत्राला ठाऊक नसतं आणि ठाऊक करून घ्यायची हौसही नसते. गृहस्थांनी दोन बोटांनी चकती फिरवून दाखवली. टक् झालं आणि तळघरात भट्टी घुरघुरली. पासवर्ड नाही, काही नाही. मला फार बरं वाटलं.

थर्मोस्टॅटचा जन्मच मुळी एका मास्तरांच्या वैतागातून झालेला आहे. विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर नावाच्या गावी वॉरन जॉन्सन हे प्राध्यापक शिकवत. वर्ग गार आहे की गरम हे बघायला शिपाई सारखा दार ढकलून आत यायचा आणि मग तळघरात जाऊन झडपा कमीजास्त करायचा. शिकवणं मधेच तुटायचं. म्हणून मास्तरांनी असं यंत्र केलं की वर्गातलं तापमान बदललं की खाली तळघरात घंटा वाजावी. १८८३ मध्ये त्याचं पेटंट मिळालं आणि शिपायाचं वर येणं थांबलं. अलीकडच्या यंत्रांबद्दल माझी तक्रार एवढीच आहे की तो शिपाई परत आला आहे. आता तो तळघरातही राहत नाही आणि आत यायला दारही ढकलत नाही.

तो परत आला २०११ मध्ये. ॲपलच्या आयपॉडच्या घडणीत ज्यांचा मोठा हात होता, त्या टोनी फाडेल यांच्या कंपनीने नेस्ट नावाचा गोल, चकचकीत थर्मोस्टॅट काढला. तुम्ही काही दिवस तो फिरवत राहायचं. मग तो तुमच्या सवयी शिकून आपला आपण चालणार. जानेवारी २०१४ मध्ये गूगलने ही कंपनी घ्यायची ठरवली, ३२० कोटी डॉलर देऊन. भिंतीवरच्या आकड्यात एवढा पैसा आहे म्हटल्यावर इतरांनीही तसली यंत्रं काढली. मुलाच्या भिंतीवर आहे ते त्यांतल्याच कुणाचं तरी. कंपनीचं नाव सांगत नाही. मला पुन्हा त्या घरी जायचं आहे.

थंडीत अमेरिकेला जाऊ नये हे सगळे सांगतात. पण नातवाची मुंज नाताळच्या सुटीत धरली होती, आणि एवढं तिकीट काढलंच आहे तर वसंत ऋतूपर्यंत राहा, असा आग्रह झाला. मुंज छान झाली. सुटी संपली. मुलगा, सूनबाई कामावर जाऊ लागली, नातू शाळेत. दुपारी जेवून आम्ही दोघं जरा लवंडायचो आणि तासाभराने नाकाच्या शेंड्याला गार लागून जाग यायची. भिंतीवर ६१. वाटलं, बाहेर बर्फ पडतंय, भट्टीला झेपत नसेल. संध्याकाळी मुलाला सांगितलं. त्याने फोनवर काहीतरी पाहिलं आणि हसला.

"बाबा, त्याला वाटतं घरात कुणी नाहीये."

"आणि आम्ही?"

"तुमचे फोन त्यात नाहीत ना."

यंत्र दोन पुराव्यांवर चालतं. एक, घरातल्या माणसांचे फोन कुठे आहेत. दोन, यंत्रासमोरून कुणी हललं का. मुलाचा आणि सूनबाईचा फोन घरापासून लांब गेला की ते सावध होतं, मग काही वेळ हॉलमध्ये हालचाल दिसते का हे बघतं, आणि दिसली नाही की घर रिकामं धरून भट्टी विझवतं. इंधन वाचवायला यापेक्षा चांगली युक्ती नाही. फक्त ती बेतणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दुपारी झोपणारा माणूस आलेला नसावा. आम्ही दोघं, वय वर्षं सत्तरच्या पुढची, मधुमेहाच्या गोळ्यांसकट, यंत्राच्या हिशेबी त्या घरात नव्हतोच. पेपर वाचत खुर्चीत बसलो तरी नव्हतो. पान उलटण्याइतकी हालचाल त्याला पुरत नसे. हिने विणकाम करून पाहिलं, तेही नामंजूर.

मग दर अर्ध्या तासाने आळीपाळीने हॉलमध्ये जाऊन अस्तित्व सिद्ध करणं सुरू झालं. पेन्शनसाठी नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतात, तो वर्षाला एकदा पुरतो. इथे दुपारभर. ही यंत्रासमोर उभी राहून दोन्ही हात हलवायची. टाळ तेवढे नव्हते. कधी पडदा उजळायचा, कधी नाही. पोस्टमन एकदा काचेतून बघून गेला आणि दुसऱ्या दिवसापासून पत्रं पायरीवरच ठेवू लागला.

सगळ्यात मोठा घोळ दह्याचा झाला. जमिनीतल्या जाळीजवळ विरजण ठेवलं की दही सुरेख लागतं हा शोध हिने पहिल्याच आठवड्यात लावला होता. दुपारी यंत्राने घर रिकामं धरलं की जाळीतली ऊब बंद, आणि संध्याकाळी पातेल्यात दूध तसंच. थंडी एक वेळ सोसता येते, पण सासूचं दही लागत नाही हे सुनेच्या घरात कसं सांगणार?

मुलगा म्हणाला, ॲप तुमच्या फोनवर टाकून देतो, म्हणजे मिटलं. ॲप टाकलं. त्याने ईमेल मागितला, पासवर्ड मागितला, पासवर्डात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह मागितलं, जन्मतारीख मागितली, आणि शेवटी फोनवर ओटीपी पाठवला. फोन नंबर पुण्याचा. पुण्याचं सिम रोमिंगचे पैसे नकोत म्हणून काढून पासपोर्टच्या पाकिटात ठेवलेलं. ते घातलं तोवर ओटीपीची मुदत संपली होती. दुसरा मागवला तर तो आला नाही. आलं ते बँकेकडून, केवायसी अद्ययावत करा म्हणून. बारा हजार किलोमीटरवरचा माणूस हॉलमधली चकती फिरवायला परवानगी मागतो आहे, हे खरं तर ॲपवाल्यांच्याही लक्षात यायला हवं होतं. सूनबाईने मग "तुम्ही मला फक्त मेसेज करा बाबा, मी ऑफिसातून वाढवते" असा तोडगा काढला. म्हणजे मला थंडी वाजली की मी सुनेला कळवायचं, तिने मीटिंग संपली की फोन उघडायचा, तिथून हुकूम कंपनीच्या संगणकांच्या कोठारात जायचा (असल्या कोठारांची मोठी दाटी उत्तर व्हर्जिनियात आहे), आणि तिथून परत न्यू जर्सीत, मी जिच्यासमोर उभा आहे त्या भिंतीवर यायचा. निरोप जाऊन येईपर्यंत मी स्वेटर घालून मोकळा होत असे.

आमचं दुःख एका घरापुरतं. कोलोरॅडोतल्या लोकांचं आकडेवारीत गेलं आहे. ३० ऑगस्ट २०२२, पारा नव्वदीत, म्हणजे आपल्या ३२ च्या वर. एक्सेल एनर्जी या वीज कंपनीच्या सुमारे २२,००० गिऱ्हाइकांनी घरी येऊन एसी वाढवायला हात लावला, तर पडद्यावर ऊर्जेची आणीबाणी जाहीर झालेली आणि आकडा कुलूपबंद. कुणी ७८ वर अडकलं, कुणी ७९ वर. आरडाओरडा झाला. कंपनीने शांतपणे सांगितलं की या योजनेत तुम्हीच नाव घातलंय. आणि ते खरं होतं. नाव घालताना बिलात १०० डॉलर सूट आणि पुढे दरवर्षी २५ डॉलर. एरवी कंपनीने आकडा हलवला तरी घरच्याला तो परत फिरवता यायचा. त्या दिवशी तेही बंद. वर्षाला २५ डॉलर म्हणजे महिन्याला दोन डॉलर आणि वर थोडी चिल्लर. न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या दुकानात तेवढ्यात एक समोसा येतो, चटणीसकट. निक्सन, कार्टर टीव्हीवरून गळा सुकवत बसले. त्यांना कुणी समोशाची आयडिया दिली नाही.

टेक्ससमध्ये त्याच्या आदल्या वर्षी, जून २०२१ मध्ये, ह्यूस्टनकडच्या एका कुटुंबातली आई आणि मुलं दुपारी झोपली होती, ती घामाने जागी झाली. वीज कमी पडत होती, आणि कधीतरी स्वीकारलेल्या योजनेनुसार घराचं तापमान लांबूनच चढवून ७८ वर नेलं होतं. ७८ म्हणजे साडेपंचवीस अंश. विदर्भात जूनमध्ये घरात साडेपंचवीस अंश झाले तर लोक पेढे वाटतील, ही गोष्ट वेगळी. पण दुपारची झोप मोडणं हा गुन्हा कुठल्याही हवामानात गुन्हाच, आणि या बाबतीत माझी सहानुभूती बिनशर्त त्या बाईंच्या बाजूला आहे. आपल्याकडे हे वारं यायचंच आहे. जानेवारी २०२० पासून नवा एसी सुरू केला की २४ अंशांवर सुरू होतो, आणि जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी २० ते २८ याच पट्ट्यात एसी बांधून टाकायचा बेत जाहीर केला. अजून तरी रिमोट घरातल्या माणसाच्या ताब्यात आहे, म्हणजे सोफ्याच्या फटीत.

लांबचा शिपाई मुद्दाम छळतो असं मात्र नाही. बहुतेक वेळा तो बिचारा पडलेला असतो. जानेवारी २०१६ मध्ये नेस्टच्या एका अपडेटने यंत्रांच्या बॅटऱ्या पिऊन टाकल्या आणि ऐन कडाक्यात लोकांची घरं गारठली. उपाय असा की थर्मोस्टॅट भिंतीवरून उपटायचा, फोनसारखा वायर लावून पाव तास चार्ज करायचा, परत बसवायचा, ठरावीक बटणं दाबायची आणि मग पुन्हा तासभर चार्ज करायचा. पहाटे, बोटं बधिर झालेली असताना. त्याच वर्षी फेब्रुवारीत इंग्लंडात हाइव्ह नावाच्या यंत्राने उलट दिशेला उडी मारली आणि काही घरं ३२ अंशांवर नेऊन ठेवली. इंग्रज लोकांनी तक्रारी केल्या. दीडशे वर्षं आपल्याकडे राहून ३२ चं एवढं काय वाटतं, हे मला कळत नाही. आणि फिनलंडमध्ये, लापेनरांता गावात, नोव्हेंबर २०१६ मध्ये इंटरनेटवरून झालेल्या हल्ल्याने दोन इमारतींची उष्णता सांभाळणारा संगणक सारखा बंद-चालू, बंद-चालू होत राहिला, आणि भट्टी चालवायला त्याला वेळच मिळेना. आमच्या ऑफिसात असे एक हेडक्लार्क होते.

परमावधी गादीची. एट स्लीप नावाच्या कंपनीची गादी झोपणाऱ्याला हवी तेवढी गरम-गार होते, इंटरनेटवरून. २० ऑक्टोबर २०२५ ला ॲमेझॉनची व्हर्जिनियातली संगणकसेवा कोलमडली तेव्हा काही गाद्या तापत राहिल्या, काही डोक्याकडून उचललेल्या तशाच राहिल्या, आणि कंपनीच्या प्रमुखांना माफी मागावी लागली. दोन हजार डॉलरच्या वर मोजून घेतलेल्या पलंगावर माणूस अर्धवट उठून बसलेला, खालून भाजतोय, आणि व्हर्जिनियातून निरोप नाही. हे वाचून हिने आमची गोधडी पुन्हा एकदा उन्हात घातली.

त्याच महिन्यात, २५ तारखेला, गूगलने २०११ आणि २०१२ सालच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या नेस्टचा पाठिंबा काढून घेतला. फोनवरून आता ते चालत नाहीत, नवे अपडेट येणार नाहीत. भिंतीजवळ जाऊन हाताने फिरवले तर चालतात. मी स्वतः निवृत्त असल्यामुळे मला यात काही वावगं दिसलं नाही. ओळखपत्र जमा करून घेतलं, काम येतं तेवढं करतो, घरच्यांनी जवळ येऊन विचारलं तर उत्तर देतो. फक्त ३२० कोटी डॉलर आणि चौदा वर्षं खर्चून यंत्र पुन्हा शेजाऱ्यांच्या १९५३ च्या चकतीपाशी येऊन उभं राहिलं, एवढंच.

आमचा प्रश्न शेवटी शेजारणीने सोडवला. या बाईंनी हयात एका विमा कंपनीत घालवली. ऑफिसात साहेब थर्मोस्टॅटवर प्लास्टिकची पेटी बसवून कुलूप लावायचे आणि बाया वर्षभर गारठायच्या. तेव्हा तिथे एक इलाज चालायचा, तो त्यांनी हिला कुंपणापलीकडून खुणांनी आणि थोड्या इंग्रजीने समजावला. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर हिने फ्रीझर उघडला, मटारचं पाकीट काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि थर्मोस्टॅटच्या डोक्यावर व्यवस्थित टेकवून ठेवलं.

यंत्राला हुडहुडी भरली. घरात कुणी नाही हे त्याचं मत कायम होतं, पण रिकामं घरसुद्धा ६० च्या खाली जाऊ द्यायचं नाही, नाहीतर नळांतलं पाणी गोठून पाइप फुटतात, असा त्याला नियम आहे. पडद्यावर ५४ आलं, ५२ आलं. तळघरात भट्टी गरजली. जाळीतून ऊब वर आली, आणि यंत्र जितकं कुडकुडत होतं तितका आमचा डोळा लागत गेला. दही संध्याकाळी सुरीने कापावं असं.

मुलाला ऑफिसात फोनवर धोक्याच्या सूचना जायला लागल्या. "आई, घरात ५२ आहे?" "छे रे, छान आहे." त्याने कंपनीला फोन लावला. तिकडच्या मुलीने बराच वेळ चौकशी करून निदान केलं की यंत्रामागे वायरीसाठी पाडलेल्या भोकातून भिंतीतला गार वारा येत असणार, भोक बुजवा. शनिवारी त्याने थर्मोस्टॅट उतरवला, लांबी आणून भोक बुजवलं, घासून रंगाचा हात दिला. सोमवारी पुन्हा ५२.

पुढच्या शनिवारी तो बॅटरी लावून यंत्राभोवती बोट फिरवत उभा होता. "आई, इथे वरच्या कडेला ओल कसली गं?"

"लाकडाची घरं बांधता तुम्ही," ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "ओल येणारच. चल, पानं घेतलीत. मटारची उसळ आहे."

"परत?"

"पाकीट उघडलं की संपवावं लागतं बाबा," मी म्हणालो.